रिंगच्या कडेचा डॉक्टर

शुक्रवारची रात्र. जेवणे आटोपलेली, स्वयंपाकघरात डबे भरण्याचे काम चाललेले, आणि आमचे सोळा वर्षांचे चिरंजीव सोफ्यावर आडवे होऊन 'स्मॅकडाउन' पाहण्यात दंग. जेवायला आलेल्या एका काकूंनी सर्वच काकू विचारतात तो प्रश्न विचारला, "अरे ईशान, हे सगळं खोटं असतं ना? मग कशाला बघतोस?"

"काकू, तुमची सीरियल पण खोटीच असते ना?" ईशान म्हणाला. काकू गप्प. आमच्या सौ.ने माझ्याकडे डोळे वटारून पाहिले, कारण हे व्यसन त्याला कुणाकडून लागले ते तिला पक्के ठाऊक आहे.

गुन्हा कबूल आहे. मी कोल्हापुरात वाढलो. नव्वदच्या दशकात गल्लीत केबल आली आणि खासबागेतल्या कुस्तीबरोबर ही दुसरी, झगमगीत कुस्तीही घरात आली. मधल्या सुट्टीत आम्ही त्या पैलवानांचे पत्ते खेळायचो. छाती, दंड, उंची, वजन, रँक. अंडरटेकर सात वेळा मरून परत आला आहे अशी आमच्या वर्गाची श्रद्धा होती. 'खिलाडियों का खिलाडी' मध्ये अक्षयकुमारशी लढलेला अंडरटेकर भलताच माणूस होता हे कळले, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि तरीही वाईट वाटले होते.

तर त्या शुक्रवारी पडद्यावर एक गडी दोरावरून उडी घेताना वाकडा पडला आणि उठेना. रेफरी वाकला. त्याने पडलेल्याचा हात हातात घेतला, कानाशी काहीतरी बोलला. मग सरळ उभा राहून त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

ईशान ताडकन उठून बसला. "बाबा, धिस इज रिअल."

पडद्यामागून एक साधे कपडे घातलेला माणूस घाईने आला. त्याच्यासाठी गाणे वाजले नाही, फटाके उडाले नाहीत. कॅमेरा चटकन प्रेक्षकांवर वळला. तो होता डॉक्टर. काकू परत सीरियलच्या गप्पांत गेल्या, पण माझ्या डोक्यात तो माणूस बसला तो बसलाच. का, ते पुढे सांगतो.

मंडळी, या खेळात निकाल आधी ठरलेला असतो हे आता गुपित राहिलेले नाही. त्यामुळे रेफरीचे काम एक-दोन-तीन मोजण्यापुरते नसते. त्याच्या कानात छोटा रिसीव्हर असतो आणि तो पडद्यामागच्या मंडळींचा निरोप्या असतो. पडलेल्याचा हात तो दाबतो. त्याने उलट दाबला तर ठीक आहे. रक्त आले तर रेफरी रबरी हातमोजे चढवतो. आणि प्रकरण हाताबाहेर असेल तर ती फुली, म्हणजे 'नाटक थांबवा, डॉक्टर पाठवा.'

आता त्या डॉक्टरची पंचाईत पाहा. तुमच्याआमच्या डॉक्टरपुढे पेशंट बसतो तो आपले दुखणे सांगायला. इथे पेशंटचा धंदाच मुळी न दुखणारे दुखते आहे असे दाखवण्याचा. त्याला त्यांच्या भाषेत 'सेलिंग' म्हणतात. आणि खरेच काही मोडले तर तोच पेशंट "काही नाही, काही नाही" म्हणत उभा राहतो, कारण आज बाहेर बसला तर त्याची जागा उद्या दुसरा घेईल. शिवाय ती फुलीसुद्धा कधी कधी कथानकाचा भाग म्हणून खोटी केली जाते. लांडगा आला रे आला! खरा लांडगा ओळखायचा कसा?

१० सप्टेंबर २०१२ रोजी माँट्रियलला नेमके हेच झाले. जेरी लॉलर हा जुना पैलवान, वय ६२, त्या संध्याकाळी स्वतः रिंगमध्ये उतरला होता. नंतर कॉमेंट्रीच्या टेबलाशी बसला आणि थोड्या वेळाने कोसळला. हार्ट अॅटॅक. भरल्या स्टेडियममध्ये अनेकांना वाटले की हाही खेळाचाच भाग. डॉक्टरांनी छातीवर दाब देऊन आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणले. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला टीव्हीवर मुद्दाम सांगावे लागले की हे नाटक नव्हे. डॉक्टर वीस पावलांवर होते म्हणून तो माणूस वाचला. एवढ्यासाठी तरी त्या साध्या कपड्यांतल्या माणसाला माझा दंडवत आहे.

पण आम्हा इंजिनिअर लोकांना एक वाईट खोड असते. कुठल्याही सहीकडे पाहिले की आम्ही विचारतो, ही सही करणाऱ्याचा पगार कोण देतो?

एके काळी बऱ्याच राज्यांत बॉक्सिंगसारखी ही कुस्तीही सरकारी क्रीडा-मंडळाच्या देखरेखीखाली होती. लायसन्स, तपासणी, रिंगच्या कडेला मंडळाचा डॉक्टर, सगळे होते. १९८९ साली कंपनीच्या लोकांनी आमच्याच न्यू जर्सीच्या आमदारांपुढे मान्य करून टाकले की आमची कुस्ती ही खरी स्पर्धा नव्हे, ती करमणूक आहे. वर्षानुवर्षे जे गुपित जिवापाड जपले ते असे सरकारी कागदावर उघडे केले. कशासाठी? त्या देखरेखीतून सुटण्यासाठी. युक्तिवाद सरळ होता. नाटकाला कुठे रिंगसाइड डॉक्टर लागतो? पण नाटकात हिरो मेल्यावर तो पडदा पडला की उठून चहा पितो. इथे पडणारा माणूस खराच पडतो. निकाल खोटा, पण गुरुत्वाकर्षण खरे.

'मग सरकारी डॉक्टर असता तर सगळे ठीक झाले असते' असे म्हणावे, तर तेही नाही. पेनसिल्व्हेनियात क्रीडा-मंडळानेच नेमलेले डॉक्टर जॉर्ज झहोरियन पैलवानांना स्टेरॉइड्स विकत होते. १९९१ साली कोर्टाने त्यांना दोषी ठरवले आणि तुरुंगात पाठवले. ज्याने थांबवायचे तोच पुरवठादार. पुढे १९९४ मध्ये कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्यावरही स्टेरॉइड्सचा खटला चालला. ते निर्दोष सुटले.

नोव्हेंबर २००५ मध्ये एडी गरेरो हा लोकप्रिय पैलवान वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी हृदयविकाराने हॉटेलच्या खोलीत गेला. त्यानंतर फेब्रुवारी २००६ मध्ये कंपनीने औषधांची आणि हृदयाची नियमित तपासणी सुरू केली. जून २००७ मध्ये क्रिस बेन्वाने बायकोचा आणि लहान मुलाचा जीव घेऊन स्वतःचाही घेतला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा डोक्यावर वारंवार आघात झालेल्या माणसांत आढळते तशी हानी दिसली. त्या कृत्याचे कारण तेवढेच होते असे कुणी म्हणू नये. पण त्यानंतर मेंदूकडे दुर्लक्ष करणे कुणालाच परवडेना. पिट्सबर्गचे मेंदूशल्यविशारद डॉ. जोसेफ मरून कंपनीचे वैद्यकीय प्रमुख झाले आणि २०१० मध्ये डोक्यात खुर्ची मारण्यावर बंदी आली. आम्ही लहानपणी ज्या खुर्चीवर टाळ्या पिटल्या, ती अशी गेली.

तरी 'डॉक्टर कुणाचा?' हा प्रश्न काही गेला नाही. पैलवान कागदोपत्री कंपनीचे नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. त्यांची युनियन नाही. डॉक्टर मात्र कंपनीचा. सी. एम. पंक या पैलवानाने नोव्हेंबर २०१४ मध्ये मित्राच्या ऑडिओ कार्यक्रमात आरोप केला की कंपनीच्या डॉक्टरने आपल्या पाठीवरची गाठ गंभीरपणे घेतली नाही. डॉक्टरांनी ते साफ नाकारले आणि अब्रूनुकसानीचा दावा लावला. जून २०१८ मध्ये शिकागोच्या ज्युरीने पंक आणि त्याच्या मित्राच्या बाजूने कौल दिला. तो कौल अब्रूनुकसानीपुरता होता, वैद्यकीय चुकीचा निवाडा नव्हता. पण माणूस अंगावर झेललेल्या दुखण्याबद्दल कंपनीबाहेर जाऊन बोलतो, त्याअर्थी आत कुठेतरी विश्वासाचा धागा तुटलेला असतो.

तीच ती घटना दोन प्रकारे घडू शकते हेही दिसले आहे. मे २०१६ मध्ये शिकागोजवळ एन्झो अमोरेचे डोके आपटले. लढत तिथेच, निकालाशिवाय थांबवली आणि त्याला हॉस्पिटलात नेले. सप्टेंबर २०२० मध्ये जॅक्सनव्हिलला 'एईडब्ल्यू' या दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात मॅट हार्डी उंचावरून पडला आणि त्याचे डोके काँक्रीटवर आपटले. उभे राहताना त्याचे पाय लटपटत होते. रेफरीने लढत थांबवली, डॉक्टरांनी तपासले, आणि काही मिनिटांत लढत पुन्हा सुरू झाली! पुष्कळ टीका झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, असे मालकांनी सांगितले. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मला त्या डॉक्टरला नावे ठेवायला जमेना.

कारण मी ती सही केलेली आहे.

गोष्ट जुनी आहे. एम. एस. संपवून पहिल्या नोकरीत होतो. आमची कंपनी औद्योगिक व्हॉल्व्ह बनवत असे आणि माझे काम होते टेस्टचे आकडे पाहून माल सोडायचा की नाही ते ठरवणे. एका लॉटमधले काही आकडे काठावर होते. नियमाप्रमाणे परत टेस्ट घ्यायची, म्हणजे दोन दिवस. बाहेर ट्रक उभा, महिनाअखेर, आणि साहेब माझ्या क्युबिकलच्या दारात. ते रागावले नाहीत, धमकी दिली नाही. नुसते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, तुझं जजमेंट वापर." तेव्हा मी एच-वनवर होतो. ग्रीन कार्डचा अर्ज त्याच कंपनीमार्फत गेलेला. सौ. पोटुशी होती. माझे जजमेंट त्या दिवशी फार झपाट्याने चालले. मी सही केली.

काही झाले नाही. व्हॉल्व्ह चांगले निघाले असावेत. पण सहा महिने रात्री फोन वाजला की पोटात गोळा यायचा. तेव्हा उमगले की 'नाही' म्हणायला ज्ञान फारसे लागत नाही. ज्ञान होतेच. 'नाही' म्हणायला पायाखाली स्वतःची जमीन लागते. आपल्यापैकी कितीजणांनी व्हिसाच्या त्या वर्षांत असे 'नाही' गिळले असतील, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आता यातून मी शहाणा झालो असेन असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते.

ईशान हायस्कूलच्या कुस्तीच्या टीममध्ये आहे. ही खरी कुस्ती, मॅटवरची. पणजोबांचे रक्त, असे मी चारचौघांत सांगत असतो. मागच्या वर्षी फेब्रुवारीत, डिस्ट्रिक्ट टूर्नामेंटला आठवडा असताना, सरावात त्याचे डोके मॅटवर जोरात आपटले. शाळेची ट्रेनर, पंचविशीतली मुलगी, त्याला बाजूला घेऊन बसली. तिने त्याला महिने उलटे म्हणायला सांगितले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... ऑगस्ट. एका पायावर उभे राहायला सांगितले, तो डगमगला. तिने त्याची हेडगिअर स्वतःच्या बॅगेत टाकली. म्हणजे विषय संपला. न्यू जर्सीत २०१० पासून कायदाच आहे, मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की मुलाला त्याच क्षणी बाहेर काढायचे आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही.

दुसऱ्या दिवशी ईशान मला ठणठणीत दिसला. हसला, पोहे खाल्ले, "आय ॲम फाइन, बाबा" म्हणाला. मी ट्रेनरला फोन केला, ती नम्रपणे नाही म्हणाली. मग मी ते केले जे आपण सगळेच करतो. आपल्या मंडळात डॉक्टरांना तोटा आहे का? आमचा वीस वर्षांचा दोस्त, ईशानचा डॉक्टरकाका, त्याला फोन लावला. म्हटले, "अरे, पोरगा ठीक आहे. लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे, एवढंच."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "तो मला काका म्हणतो ना? म्हणूनच नाही लिहून देणार. मी त्याला तपासायला लागलो तर मला त्याचा चेहरा दिसेल, तुझा आवाज ऐकू येईल, आणि रविवारी तुझ्याकडे जेवायला यायचंय तेही आठवेल. माझ्या हातून तपासणी होणार नाही. ज्याला तुमचं नावही माहीत नाही अशा माणसाकडे ने."

मी चिडलो. म्हटले, "स्कॅन काढू या मग, काही नाही हे दिसेलच."

"स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हा धक्का बहुतेक वेळा दिसत नाही. आणि पहिला भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं, ते मी फोनवर सांगणार नाही. फोन ठेव." आणि त्यानेच ठेवला.

ईशानची टूर्नामेंट बुडाली. अनोळखी डॉक्टरने तीन आठवडे बसवले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तर हा अंधारात सोफ्यावर बसलेला. टीव्ही बंद. शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाबा, डोकं अजून दुखतंय. पहिल्या दिवसापासून दुखतंय. लाइट लावला की जास्त."

"मग फाइन आहे का म्हणालास?"

"तू एवढा एक्साइटेड होतास. आजोबांना पण फोन करून सांगितलं होतंस."

मंडळी, त्या अंधारात मला माझे सोंग स्वच्छ दिसले. इतकी वर्षे मी मालकांना नावे ठेवत होतो. घरातला मालक मीच होतो. तिकिटे मी विकली होती, ट्रक मी उभा केला होता, आणि पोरगा माझ्यासाठी उलटे 'सेलिंग' करत होता. दुखत असताना न दुखल्याचे.

त्याच सुट्टीत ईशानने मला डॅनियल ब्रायनची गोष्ट नीट सांगितली. या पैलवानाने फेब्रुवारी २०१६ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, डोक्याच्या दुखापतींमुळे निवृत्ती जाहीर केली. बाहेरच्या डॉक्टरांनी त्याला ठीक ठरवले होते, पण कंपनीचे डॉक्टर परवानगी देईनात. तो खूप विकला जाणारा माणूस. त्याला रिंगमध्ये उतरवण्यात कंपनीचाच फायदा होता. तरीही उत्तर दोन वर्षे 'नाही' असेच राहिले. अखेर अनेक मेंदूतज्ज्ञांनी तपासल्यावर मार्च २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिलमध्ये तो 'रेसलमेनिया'त उतरला. म्हणजे पगार देणाऱ्यालाही 'नाही' म्हणता येते. मात्र त्याला पाठीशी यंत्रणा लागते, बाहेरची चार माणसे लागतात, लेखी नियम लागतो. एकट्या माणसाच्या हिमतीवर हे सोडू नये. माझ्या सहीच्या वेळी असा नियम असता, तर मी नियमाच्या आड लपून का होईना, खरे बोललो असतो. त्या ट्रेनर मुलीला कायद्याचा आधार होता, म्हणून माझ्यासारख्या बापापुढे ती हलली नाही.

मला खासबागेतली एक दुपार आठवते. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले ते खोलगट मैदान, भोवती माणसांची भिंत, हलगी कडाडतेय. मी आबांच्या खांद्यावर. एका पोराची मान कैचीत अडकली होती आणि लोक ओरडत होते, "सोडू नको!" एवढ्यात त्याचा वस्ताद मैदानात उतरला आणि त्याने कुस्ती सोडवली. लोकांनी हुर्यो उडवली. इनाम गेले. वस्ताद पोराच्या मानेला हात लावून एवढेच म्हणाला, "कुस्ती उद्या बी हाय. मान एकच हाय." सगळेच वस्ताद असे नसत, हे आबा नंतर सांगायचे. पण त्या वस्तादाला कुणी कामावरून काढू शकत नव्हते, आणि हुर्यो सोसायची त्याची तयारी होती. बाप म्हणून माझ्यापाशी तर दोन्ही असायला हवे होते.

त्या शुक्रवारी पडलेला गडी डॉक्टरच्या खांद्याला धरून चालत पडद्याआड गेला. ईशान म्हणाला, "ही विल बी ओके." आणि मग काकूंसाठी मराठीत, "काकू, तो माणूस बघितलात? तो खोटा नव्हता."

यंदाच्या मोसमाचे शाळेचे फॉर्म गेल्या आठवड्यात आले. त्यात डोक्याच्या दुखापतीबद्दलचे एक माहितीपत्रक असते आणि पालकांनी ते वाचल्याची सही करायची असते. मागच्या वर्षी मी ते न वाचता, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली होती. यंदा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, ईशानला समोर बसवले, आणि आम्ही दोघांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग सही केली.